शुगर हटत नाही? मनाचीही चौकशी करा

पथ्य नीट चालू आहे, तरी उपाशीपोटीची शुगर २०० च्या खाली उतरत नाही. अशा वेळी गोळी वाढवून मागण्याआधी घरच्यांनी पाकिटं मोजावीत. महिन्याच्या तीसपैकी दहा-बारा गोळ्या शिल्लक निघाल्या तर रागावू नये. उदास माणसाला औषध घ्यावंसंच वाटत नाही. गोळ्या बरोबर घेतल्या असल्या तरी सततची काळजी आणि तुटक झोप शुगर चढवतेच.

'डिप्रेशन आहे का?' असं विचारून गावात उत्तर मिळत नाही. 'जीव घाबरते', 'डोकं जड', 'भूकच मेली' एवढंच कानावर येतं. म्हणून दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात, बोलण्यात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? मन उदास, निराश किती दिवस होतं? प्रत्येक उत्तराला गुण द्यावेत: मुळीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. तिथे हिमोग्लोबिन आणि थायरॉइडबद्दल विचारावं. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दलही. यातल्या बिघाडानेही असाच थकवा येतो.

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, धडधड झाली तर 'टेन्शन' म्हणून सोडू नये. शुगर मोजावी. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

मनाच्या गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करणारेच जास्त. ओलान्झापिन या मनाच्या आजारावरच्या गोळीने वजन आणि शुगर वाढू शकते: सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी दोन्ही तपासावं, वजन दर महिन्याला.

मनाच्या आजारावर लिथियमची गोळी घेणाऱ्याला आपला उन्हाळा जड जातो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. बीपीसाठी मीठ एकदम तोडलं, लघवी वाढवणारी गोळी लागली किंवा अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक आणली, तरी तेच. हात जोरात कापणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या दिसल्या की पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

'जगून काय करू' असं निघालं तर मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते मनात भरत नाहीत. माणसाला एकटं सोडू नये. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे फोनवरून मनाच्या त्रासासाठी मदत देणारी, मोफत सेवा दिवसरात्र चालते. फवारणीचं औषध घरात न ठेवता कुलपाच्या पेटीत ठेवावं, किल्ली दुसऱ्याकडे. इन्सुलिन आणि जास्तीच्या गोळ्याही दुसऱ्याच कुणीतरी सांभाळाव्यात आणि रोजच्या रोज मोजून द्याव्यात.