लिव्हर फेल्युअरमध्ये सायट्रेटवर डायलिसिस : या चुका टाळा

बीड, हिंगोली, परभणीकडून लिव्हर फेल्युअरचा रुग्ण रात्री संभाजीनगर किंवा नांदेडच्या आयसीयूत येतो. लघवी बंद, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा) ३ च्या वर, सीआरआरटी म्हणजे सतत चालणारं संथ डायलिसिस लावायची. 'आयएनआर वाढलाय, रक्त आपोआप पातळ आहे' या समजुतीवर राहू नका. अशा रुग्णांचेही फिल्टर गुठळ्या होऊन बंद पडतात. म्हणून मशीनमधलं रक्त गोठू नये यासाठी सायट्रेट देतात : ते कॅल्शियमला चिकटून गोठणं थांबवतं, आणि रुग्णाला कॅल्शियम वेगळ्या पंपाने परत दिलं जातं.

नुसतं बिलिरुबिन बघून सायट्रेट नाकारू नका. सायट्रेट पचेल का, हे लॅक्टेटवरून (रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) जास्त कळतं. लॅक्टेट ४ च्या आसपास असून चढतंच आहे आणि बीपीसाठी नॉरअ‍ॅड्रेनलिनही वाढवावं लागतंय, तर मात्र सायट्रेट नकोच. लिव्हरबरोबर स्नायूही ते पचवतात, आणि शॉकमध्ये दोघांनाही रक्त कमी पडतं.

सगळ्यात घातक चूक गणिताची आहे. लॅबमधून एकूण कॅल्शियम मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतं, एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) मशीन आयनित म्हणजे कशालाही न चिकटलेलं, मोकळं कॅल्शियम मिलीमोल प्रति लिटरमध्ये दाखवतं. समजा लॅबचा आकडा १०.८ आणि एबीजीचा ०.९८. वेगवेगळे बघितले तर दोन्ही जेमतेम हललेले दिसतात. आता १०.८ ला ४ ने भागा : २.७ मिलीमोल. त्याला ०.९८ ने भागा : २.७५. गुणोत्तर २.५ च्या वर म्हणजे सायट्रेट साचतंय. अल्ब्युमिननुसार 'करेक्ट' केलेलं कॅल्शियम इथे घेऊ नका. अल्ब्युमिन २ असेल तर गुणोत्तर उगाच ३ च्या वर दिसेल. पहिला हिशोब सुरुवातीच्या दोन तासांत करा, पुढे दर ४ ते ६ तासांनी. २.१, २.३, २.४ असं चढताना दिसलं तर २.५ ची वाट बघू नका.

आयनित कॅल्शियम उतरलं की हात आधी कॅल्शियमच्या पंपाकडे जातो. सायट्रेट साचत असताना वाढवलेलं कॅल्शियमही त्यालाच चिकटतं. एकूण आकडा फुगतो, आयनित तिथेच राहतं. आधी सायट्रेट एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करा, ब्लड फ्लो मिनिटाला १०० मिलीच्या आसपास आणा, डायलिसेट (डायलिसिसचं द्रावण) वाढवा. फिल्टरनंतरचं आयनित कॅल्शियम ०.४ पर्यंत गेलं तरी चालवून घ्या, फिल्टर थोडा लवकर गेला तर जाऊ द्या. अ‍ॅसिडोसिस आणि लॅक्टेट वाढतच असतील तर सायट्रेट बंद. उलट, गुणोत्तर नॉर्मल असून बायकार्बोनेट (सायट्रेट पचल्यावर तयार होतं ते) चढत असेल तर सायट्रेट पचतंय, पण डोस जास्त होतोय.

कॅल्शियमची अँपूल उचलताना लेबल वाचाच. १० टक्के क्लोराइडमध्ये १० टक्के ग्लुकोनेटच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं : १० मिलीत ६.८ मिलीमोल, ग्लुकोनेटमध्ये २.३ च्या आसपास.

संदर्भ चिठ्ठीवर 'एफएफपी ६' (प्लाझ्माच्या सहा पिशव्या दिल्या) लिहिलेलं असेल तर ते हिशोबात धरा. प्लाझ्माच्या पिशवीतही सायट्रेट असतं.

रुग्णाचं सॅम्पल त्याच्या धमनीतल्या आर्टेरियल लाइनमधून घ्या, डायलिसिसच्या कॅथेटरमधून नको. दोन्ही सिरिंजवर 'रुग्ण' आणि 'फिल्टरनंतर' असं बेडशेजारीच लिहा. अदलाबदल झाली तर फिल्टरनंतरचं ०.३ रुग्णाचं समजून घाईत कॅल्शियम ढकललं जातं.

लाइट गेली आणि मशीनचा ब्लड पंप थांबला, तरी बाजूचा कॅल्शियमचा सिरिंज पंप बॅटरीवर चालूच राहतो. तो त्याच क्षणी हाताने थांबवा. सायट्रेट बंद केल्यावरही तसंच : कॅल्शियमचा ड्रिप जुन्या वेगाने ठेवू नका. सायट्रेट जसजसं पचतं तसतसं अडकलेलं कॅल्शियम सुटतं, म्हणून तासाभरात आयनित कॅल्शियम बघून मगच पुढचा वेग ठरवा.