जुन्या पीसीच्या सिस्टिम फाइल दुरुस्त करताय? या चुका टाळा

मिरग लागला की कोकणात जुन्या कॉम्प्युटरांची रड सुरू होते. लाइट गेली, आली, परत गेली, पीसी मध्येच बंद पडला आणि विंडोज जी फाइल लिहीत होती ती अर्धवट राहिली, मग पुढच्या वेळी चालू करा तर निळा स्क्रीन, नाहीतर अमुक डीएलएल, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारी फाइल, मिसिंग. मग घरातलं कोणीतरी यूट्यूब बघून कमांड मारायला बसतं आणि तिथेच खरा घोळ होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फाइल का खराब झाली ते न बघता सरळ रिपेअरला हात घालणं. हार्ड डिस्क जुनी असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाकून बघा, त्यात हेल्थ 'कॉशन' किंवा 'बॅड' दाखवत असेल, पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, वाढत असतील, तर विंडोज राहू दे बाजूला, आधी फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, जे काय असेल ते पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. बरेच जण अशा डिस्कवर पहिलंच चेकडिस्क 'स्लॅश आर', म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा शोधणारी कमांड, लावून देतात. ते अख्खी डिस्क वाचत जातं, तासन् तास चालतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच राम म्हणते. बॅकअप झाल्यावर करा ना काय करायचं ते.

रॅमचं पण तसंच. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल, कॅबिनेटच्या आतला पत्रा गंजतो तिथे रॅमच्या पट्टीचं काय घेऊन बसलात. मेन स्विच बंद, वायर काढलेली, मग रॅम काढून तिचे पिवळे पॉइंट मऊ खोडरबराने हलके पुसायचे, आणि परत बसवल्यावर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे रॅमची तपासणी, चालवायचं. रॅम खराब असेल तर दुरुस्त केलेली फाइल उद्या परत बिघडणार, तुम्ही कितीही कमांड मारा.

आता कमांडचं. एसएफसी स्कॅननाउ, म्हणजे सिस्टिम फाइल तपासून दुरुस्त करणारी कमांड, सगळ्यांना माहीत असते पण कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडत नाहीत, मग ती चालतच नाही. चालली आणि 'काही फाइल दुरुस्त करता आल्या नाहीत' असं आलं की लोक तीच कमांड परत परत मारत बसतात, नवस केल्यासारखी. अहो, एसएफसी चांगली कॉपी विंडोजच्याच कॉम्पोनंट स्टोअरमधून घेते, म्हणजे विनएसएक्सएस फोल्डरमधून. तो साठाच बिघडलेला असेल तर ती देणार कुठून? तेव्हा विंडोज ८ किंवा १० वर आधी डिझम, ऑनलाइन, क्लीनअप इमेज, रिस्टोअर हेल्थ ही तो साठा दुरुस्त करणारी कमांड मारायची, मग रिस्टार्ट, मग परत एसएफसी. डिझम नव्या फाइल विंडोज अपडेटवरून आणते त्यामुळे नेट चालू पाहिजे. टक्का बराच वेळ एकाच जागी अडकतो, म्हणून हँग झालं समजून खिडकी बंद करू नका.

आणि जागा कमी पडते म्हणून तो विनएसएक्सएस फोल्डर हाताने डिलीट करणारे महाभाग पण आहेत! जागा हवी तर डिस्क क्लीनअप वापरा.

विंडोज ७ वाल्यांनी लक्षात घ्या, तुमच्याकडे डिझममध्ये रिस्टोअर हेल्थ नाहीच, तो पर्याय ८ पासून आला. एरर येते म्हणून वैतागू नका, कमांड चुकलेली नाही.

डीएलएल मिसिंग आलं की गूगलवरून कुठल्यातरी साइटवरची डीएलएल आणून सिस्टिम ३२ मध्ये टाकणं, हे तर करूच नका. व्हर्जन जुळत नाही, सोबत व्हायरस येतो तो वेगळाच. गणपतीला मुंबईहून आलेला भाचा जे 'रजिस्ट्री क्लीनर', म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी साफ करणारं सॉफ्टवेअर, टाकून जातो, त्यानेही सिस्टिम फाइल दुरुस्त होत नाहीत, उलट चालू असलेलं काहीतरी बंद पडतं.

पीसी बूटच होत नसेल, म्हणजे विंडोज उघडतच नसेल, तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी ऑफलाइन चालवता येते, फक्त तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमचा सी कधी डी होऊन बसतो. आधी 'डीआयआर' ही फोल्डरची यादी दाखवणारी कमांड मारून विंडोज फोल्डर कुठल्या ड्राइव्हवर आहे ते बघा, नाहीतर भलत्याच ड्राइव्हचं नाव देऊन बसाल.

एवढं करूनही जमलं नाही आणि विंडोज १० निदान उघडतेय, तर फॉरमॅटच्या आधी एक उपाय राहतो. त्याच भाषेची, ३२ किंवा ६४ बिट जे असेल तेच, अशी आयएसओ, म्हणजे विंडोज बसवायची फाइल, घ्यायची, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवायचा आणि 'फाइल आणि ॲप्स ठेवा' निवडायचं. सिस्टिम नवी बसते, तुमचं सामान जागेवर राहतं. मात्र हे करताना यूपीएस लावलेला हवा, आणि नुसता लावलेला नाही, त्याची बॅटरी खरंच टिकते का ते आधी प्लग काढून तपासा, कारण बऱ्याच घरात तो डबा फक्त पीं पीं करायलाच उरलेला असतो. वर आभाळ गडगडत असेल तर मात्र त्या दिवशी हे काम घेऊच नका.