टाचेखालचा काळा डाग म्हणजे कुरूपच, असं धरून चालू नका

माझी आत्या कळव्याला राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या टाचेखाली काळा डाग दिसला. कुरूप असेल, असं घरात सगळ्यांनीच ठरवून टाकलं, मीही. मेडिकलमधून कुरुपाच्या पट्ट्या आणल्या. कुणीतरी बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितलं, तोही देऊन झाला. असे सात महिने गेले. डाग पसरला, मधोमध चीर पडून पाणी येऊ लागलं, तेव्हा कुठे स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, निघाला. टाचेची कातडी खोलवर काढून तिथं मांडीची कातडी लावावी लागली, जांघेतल्या गाठीही काढल्या. आत्या आज चालते, पण ते सात महिने माझ्या मनातून जात नाहीत. आमच्या हातून जे झालं ते दुसऱ्या घरात होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

फक्त उन्हाचा विचार करणं

त्वचेच्या कॅन्सरबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या ओळीत ऊन आणि दुसऱ्या ओळीत सनस्क्रीन येतं. गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी ते बरोबरच आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन अतिनील किरणांना बरंच अडवतं, त्यामुळे हा आजार आपल्याकडे त्या मानानं कमी दिसतो. पण आपल्यासारख्या सावळ्या माणसांना मेलानोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा ऊन पोचत नाही अशा जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. सनस्क्रीन कितीही लावलं तरी तळपाय उलटून पाहिल्याशिवाय तो कळायचा नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार होता. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली. निदान १९७७ मध्ये झालं आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने पाय ओल्या बुटांत असतात. चिखल्या झाल्या की मलम लावताना आपण बोटांच्या बेचक्या तेवढ्या बघतो. तेव्हाच तळवाही बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. आत्यानं स्वतःचा तळवा नीट पाहिल्याला कित्येक वर्षं झाली होती.

“नखाला दार लागलं असेल”

नख काळं पडलं की आपण मार शोधतो, आणि बहुतेक वेळा मारच लागलेला असतो. फरक बऱ्याचदा घरी ओळखता येतो. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. आज फोटो काढा, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा काढा. डाग पुढे सरकला नसेल, उलट रुंद झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात, त्यांना घाबरू नका. पण एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी रेघ आली, ती रुंदावत गेली किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर महिनाभर थांबायचं कारण नाही. त्याच आठवड्यात दाखवा. बायकांनी नेलपेंट काढलं की नवीन लावण्याआधी नखं एकदा उजेडात बघावीत.

कमरेचा वळ आणि जुना भाजल्याचा व्रण

टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट नेसून कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन वयस्क बायकांची नोंद केली. एकीची परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी काचत होती, दुसरी परकराशिवाय लुगडं कमरेला घट्ट बांधत असे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात आजही लुगडं नेसणाऱ्या आज्या आहेत. त्यांना लुगडं सोडायला कुणीच सांगू नये. गाठ थोडी सैल ठेवा, तिची जागा बदलत राहा आणि नाडी वापरत असाल तर रुंद घ्या. वळाच्या जागी जखम होऊन ती भरत नसेल तर हळद भरत बसू नका.

भाजल्याच्या जुन्या व्रणाचंही असंच आहे. स्टोव्हच्या भडक्यात किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीच्या कारखान्यात भाजलेल्या जागेची कातडी तीस वर्षांनंतरही बिघडू शकते. जुना व्रण पुन्हा फुटला, कडा उचलल्या, वास येऊ लागला, तर “ते जुनंच आहे” म्हणून सोडून देऊ नका.

“दुखत नाही ना, मग राहू दे”

सगळ्यात जास्त घात करणारं वाक्य हेच. गळू ठणकतं म्हणून आपण धावतो. त्वचेचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, फक्त बदलत राहतो. तिळाचे दोन अर्धे सारखे दिसत नाहीत, कडा वेड्यावाकड्या होतात, एकातच काळा, तपकिरी, निळसर असे रंग येतात, आकार पेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढा म्हणजे ६ मिलिमीटरच्या पुढे जातो. यातलं काहीही दिसलं तर दाखवा. यापैकी एकच लक्षात ठेवायचं तर बदल लक्षात ठेवा. जखम चार आठवड्यांत भरली नाही, किंवा खपली पडते, रक्त येतं आणि पुन्हा खपली धरते, असं चक्र चालू राहिलं तर तेही दाखवायला हवं.

नाकाशेजारी, डोळ्याखाली हळूहळू वाढणारा चमकदार काळा फोड पुष्कळदा तीळ समजला जातो. तो बेसल सेल कार्सिनोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर असू शकतो. तो सहसा शरीरात पसरत नाही, पण दुर्लक्ष केलं तर तिथली कातडी आणि हाड पोखरतो.

ट्यूब लावत राहणं, पार्लरमध्ये जाळून घेणं

एकच लाल, खवलेदार चट्टा महिनोन्‌महिने नायटा समजून स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबनं चोळत राहणं फार घडतं. खाज कमी होते, चट्टा राहतोच, आणि कातडी पातळ होते ती वेगळीच. पार्लरमध्ये तीळ जाळून घेणं तर त्याहून वाईट, कारण तपासायला तुकडाच उरत नाही. चामखिळीला घोड्याचा केस बांधणं किंवा चुना लावणं, यातही तोच धोका.

“तुकडा काढला की कॅन्सर पसरतो” ही भीती आमच्या घरातही होती आणि तिच्यापायी आणखी तीन आठवडे गेले. तसं होत नाही. मेलानोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरच्या आत असतानाच काढला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

उन्हाचं थोडक्यात. मार्केटमधले माथाडी, खाडीवर जाणारे कोळी, ट्रॅफिक पोलीस यांनी सकाळी १० ते दुपारी ४ पूर्ण बाह्या आणि टोपी घालावी. जन्मतः अंगावर रंग नसलेल्या माणसांनी मात्र रोज एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावावं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं आणि वर्षातून एकदा सगळं अंग तपासून घ्यावं.

आधी कोणत्याही त्वचाविकारतज्ज्ञाकडे जा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा नेरुळच्या डी. वाय. पाटीलमध्ये दाखवता येईल. कॅन्सर निघालाच तर खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. जाताना नेलपेंट काढा, मेंदी असेल तर तसं सांगा, जुने फोटो न्या. तुकडा तपासला असेल तर नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका, लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तेच लागतं, आणि आमच्याकडे ते नव्हतं म्हणून आत्याला परत लॅबच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, टाचेला बँडेज असताना.