दोन पायांचा यंत्रमानव करायला घेणाऱ्यांसाठी

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असताना मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी दहा सर्व्हो मोटरींचा (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या मोटरींचा), दोन पायांवर चालणारा छोटा यंत्रमानव प्रकल्प म्हणून घेतला आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो पडत राहिला. आज मी नाशिकमधल्याच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ऑटोमेशनचे काम करते, तरीही त्या दिवसांची आठवण निघाली की पोटात कालवाकालव होते. सर्व्होला कोन कसा द्यायचा, आर्डुइनो, म्हणजे मोटरींना आज्ञा देणारा छोटा नियंत्रक, कसा जोडायचा, हे तुम्हाला येते असे मी धरून चालते. आमचे महिने जिच्यात गेले ती एक चूक मात्र सविस्तर सांगते, कारण दरवर्षी मदत मागायला येणारी मुले मला तीच चूक करताना दिसतात.

आम्ही चालीच्या बारा स्थिती ठरवल्या होत्या. प्रत्येक स्थितीत यंत्र थांबवून, गुरुत्वमध्यातून, म्हणजे जिथे सगळे वजन एकवटले आहे असे धरता येते त्या बिंदूतून, सोडलेला ओळंबा टेकलेल्या पायाच्या तळव्यातच येतो की नाही, हे आम्ही तपासले आणि बाराही वेळा तो तळव्यात आला. सावकाश चालवले की यंत्र प्रयोगशाळेच्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असे. मग चाल जरा माणसासारखी दिसावी म्हणून दोन स्थितींमधला वेळ निम्मा केला, आणि पहिल्याच पावलाला ते पाठीवर आपटले. आम्ही बॅटरी बदलली, तळव्यांना सायकलच्या ट्यूबचे रबर चिकटवले, खिशातले पैसे घालून दोन सर्व्हो नवे आणले, तरी ते पाठीवरच पडत राहिले.

ओळंबा फक्त थांबलेल्या शरीराबद्दल खरे सांगतो. शरीर पुढे वेग घेऊ लागले की जमिनीचा आधार ज्या बिंदूतून मिळायला हवा, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या खालून मागे सरकतो. किती सरकतो, तर गुरुत्वमध्याच्या उंचीला गुरुत्वत्वरणाने (सुमारे ९.८) भागून त्याला शरीराच्या त्वरणाने गुणले की जे येते तितका. आमच्या यंत्राचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर होता आणि तळवा १२ सेंटीमीटर लांब होता, म्हणजे मधोमध उभे असताना टाच ६ सेंटीमीटर मागे. सावकाश चालीत त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद होते, त्यामुळे आधारबिंदू दीड सेंटीमीटर मागे सरके आणि निभावून जाई. वेळ निम्मा केला की त्वरण दुप्पट नव्हे, चौपट होते. ते दोन मीटर झाले, बिंदू ६ सेंटीमीटर मागे गेला आणि नेमका टाचेच्या कडेवर येऊन बसला. त्यापुढे केसभर जरी जास्त झाले तरी तळवा टाचेवर उलटणारच. हे पुन्हा वाचा, कागदावर तुमच्या यंत्राचे आकडे घालून करा, आणि मगच पुढे जा.

या बिंदूला झीरो मोमेंट पॉइंट किंवा झेडएमपी म्हणतात आणि ही कल्पना बेलग्रेडच्या मिओमिर वुकोब्रातोविच यांनी १९७०च्या आसपास मांडली. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरणारी वयस्कर माणसे पाहिलीत तर सावकाश चाल डोळ्यांना दिसेल: पाय खाली टेकवायचा, चाचपायचा, मगच त्यावर भार टाकायचा. तीच माणसे घाटावरून सपाट रस्त्यावर आली की प्रत्येक पावलाला थोडी पुढे पडतात आणि पुढच्या पायाने स्वतःला सावरतात. या दोन चालींमधले अंतर पार करायला मोठ्या लोकांनाही वेळ लागला. जपानच्या वासेदा विद्यापीठात १९७३ मध्ये वाबॉट-१ सावकाश चालला आणि खरी गतिमान चाल तिथेच १९८४ मध्ये डब्ल्यूएल-१०आरडी या यंत्राने दाखवली. त्यामुळे तुमचे यंत्र एका सत्रात धावले नाही तर मन लहान करू नका.

लहान यंत्र सोपे असते, हाही समज सोडा. हातावर लांब काठी तोलता येते, पेन्सिल येत नाही. ३० सेंटीमीटर उंचीच्या गुरुत्वमध्याला सावरायला मिळणारा वेळ माणसाच्या निम्म्याहून फार जास्त नसतो.

त्वरण आवरल्यावरही आमचे यंत्र एका बाजूला लवंडत होते. तो दोष मात्र मार्गदर्शकांना नव्हे, अंबडमधल्या एका लेथच्या कारखान्यातल्या फिटर काकांना सापडला. त्यांनी यंत्र हातात घेतले, घोटा दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवला आणि म्हणाले, "ताई, आधी हा प्ले काढा, प्रोग्राम नंतर." प्ले म्हणजे सांध्यातला ढिलेपणा. घोट्यातला दोन अंशांचा प्ले वर गुरुत्वमध्यापाशी एक सेंटीमीटर होतो आणि साध्या सर्व्होकडून खरा कोन परत कळत नसल्यामुळे प्रोग्रामला त्याचा पत्ताच लागत नाही. माझे स्पष्ट मत आहे की हाताने यंत्र चाचपणारा गुरू मिळाला तर त्याला सोडू नये. "प्रोग्राम चालतो ना, मग अहवाल लिहा" असे म्हणणाऱ्याकडून फक्त सही घ्यावी. बाजारातल्या तयार संचातली (किटमधली) तयार चाल उतरवून घेण्याचा आडमार्गही मला मान्य नाही, कारण पडण्याचे कारण शोधण्याची सवय त्यात लागत नाही.

नोकरीबद्दल खरे सांगायचे तर सातपूर-अंबडच्या सपाट फरशीवर पायांची गरज नाही; तिथे चाकांची गाडी स्वस्त पडते आणि आणीबाणीचे बटण दाबले की जागच्या जागी थांबते. दोन पायांचे यंत्र वीज तोडली की कोसळते, आणि माणसांमध्ये ते वापरण्यातली ही मोठी अडचण अजून सुटायची आहे. अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने घेतलेल्या २०१५च्या यंत्रमानवांच्या स्पर्धेत अनेक यंत्रे कोसळली आणि जिंकले कोरियाचे डीआरसी-ह्यूबो, जे गुडघ्यांवर बसून चाकांवर जाऊ शकत होते. तरीही जिन्यांच्या, दारांच्या, माणसाच्या मापाने बांधलेल्या जागांमध्ये पायांचा उपयोग आहे, आणि अमेरिकेत एका गोदामात डिजिट नावाचे यंत्र २०२४पासून खोकी उचलण्याचे काम करते आहे. तुम्ही या प्रकल्पात जे नियंत्रण शिकाल ते यांत्रिक हातांना आणि स्वयंचलित गाड्यांनाही लागते. मला पहिली नोकरी त्यावरच मिळाली, त्यामुळे मेहनत वाया जाण्याची भीती बाळगू नका.

सुरुवात करताना यंत्राच्या खांद्याला छतावरून सैल दोरी बांधा आणि मोबाइल तळव्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पडण्याआधी बोटांकडची कड आधी उचलली गेली तर शरीर पुढे फार जोरात ढकलले जात आहे. टाच आधी उचलली गेली तर ते फार जोरात थांबवले जात आहे. आणि आतली किंवा बाहेरची कड उचलली गेली तर प्रोग्राम उघडण्याआधी घोटा दोन बोटांत धरून हलवून पाहा.