मुंबई ते मालवण मोटर यॉटने: निघण्याआधीची तयारी

कोकण किनाऱ्याने यॉट न्यायची तर चार्टच्याही आधी पंचांग उघडा. महिना ठरवणं सोपं आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिथी मात्र विचार करून निवडावी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची साधारण वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतो. एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. सकाळी आणि रात्रीही. पहाटे मतलई वारा जमिनीवरून वाहत असतो तोवर समुद्र शांत असतो, दुपारी वायव्येचा वारा चढला की लाटा उठतात. म्हणून उजाडताच निघायचं, दुपारच्या आत मुक्काम गाठायचा, आणि तिथे शिरताना पाणी चढतं असायला हवं. द्वितीया-तृतीयेच्या आसपास हे सगळं चांगलं जुळतं. नक्की वेळ मात्र त्या त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि पाणीही कमी चढतं: मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, मालवणात त्याच्या जेमतेम निम्मा.

हा सगळा आग्रह खाड्यांच्या तोंडांसाठी आहे. बाणकोट, दाभोळ, देवबागची कर्ली, या खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते, आणि ती दरवर्षी एकाच जागी राहत नाही. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समुद्राकडून लाटा आल्या की त्या वाळूवर उभ्या राहून फुटतात. चढत्या पाण्यात तळ लागला तर बोट थोड्या वेळात आपसूक सुटते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत कलून पडून राहावं लागतं. तेव्हा पहिल्या फेरीत या खाड्यांचा मोह टाळा आणि जयगड, विजयदुर्ग एवढेच मुक्काम धरा. दोन्हीकडे पाणी खोल आहे, भरतीसाठी ताटकळावं लागत नाही. विजयदुर्गात तर आंग्र्यांचं आरमार नांदलं, ते बंदराच्या याच गुणामुळे. मालवणात सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक आहेत. तिथे स्थानिक तांडेल, म्हणजे तिथलं पाणी ओळखणारा नाखवा, बोटीवर घेतल्याशिवाय आत शिरू नका, त्याच्याशी आधीच फोनवर बोलून ठेवा.

अंतराचा हिशेब सोपा पडतो, कारण किनारा जवळपास उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मुंबई ते जयगड शंभराच्या आत-बाहेर, तिथून विजयदुर्ग ४५, पुढे मालवण ३०. ताशी २० मैलांच्या वेगाने पहिला टप्पा पाच तासांचा. ३०० अश्वशक्तीची दोन इंजिनं पाऊण जोरावर तासाला साधारण ९० लिटर डिझेल पितात, म्हणजे मैलाला साडेचार लिटर. मालवणपर्यंत ८०० लिटर लागणार असेल तर निघताना १२०० हवं. एक तृतीयांश साठ्याला हात लावायचा नाही. वाटेत यॉटसाठी पंप मिळेल या भरवशावर राहू नका. जेटीवरच्या सोसायटीचं डिझेल मच्छीमार बोटींच्या कोट्याचं असतं. रस्त्यावरच्या पंपावरून बॅरल आणायची सोय आधी लावा, आणि ते डिझेल गाळूनच टाकीत घ्या.

इंजिनाकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, तुम्हीही द्या. डिझेल फिल्टरच्या पारदर्शक वाटीत टॉर्च मारा. पाणी असेल तर ते तळाशी मण्यासारखं वेगळं बसलेलं दिसतं. खालचा कॉक सोडून निव्वळ डिझेल येईपर्यंत काढत राहा. खाऱ्या पाण्याच्या पंपाचं झाकण उघडा आणि आतल्या रबरी इम्पेलरचं (पाणी ढकलणाऱ्या चक्राचं) एकेक पातं अंगठ्याने वाकवा. मुळाशी केसाएवढी चीर दिसली तरी इम्पेलर बदला. खाडीतला गाळ आणि प्लॅस्टिक गाळणीत अडकून इंजिन तापतं, म्हणून गाळणी रोज साफ करायची. जादा इम्पेलर, पट्टे, फिल्टर, तेल बरोबर हवंच.

नांगराचा दोर मोजताना भरती विसरू नका. ओहोटीला ४ मीटर पाणी, त्यावर ३ मीटर भरती, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची १ मीटर, असे ८ मीटर. त्याच्या किमान पाचपट, म्हणजे ४० मीटर दोर सोडायचा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे नांगर वाळूतच टाका, प्रवाळावर अजिबात नको.

रात्रीचा प्रवास टाळा. मुंबई-रायगडच्या पाण्यात डोल जाळ्यांचे (खुंटाला बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट असतात, पुढे दक्षिणेला गिलनेटचे, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या जाळ्यांचे फ्लोट, आणि पुष्कळ फ्लोटना दिवा नसतो. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर अडकला तर कापायला दातेरी सुरी आणि पाण्यात बघायचा मास्क हाताशी ठेवा. इंजिन बंद करून किल्ली काढल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरायचं नाही. जाळं कुणाच्या तरी पोटापाण्याचं आहे, ते शक्य तितकं कमी कापा आणि बोटवाला जवळ असेल तर त्याला आधी हाक मारा.

लाइफ जॅकेट माणशी एक, अंगावर घालून मापाला बसतं का ते धक्क्यावरच बघा. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली, तीही मुंबईपासून इतक्या जवळ. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनेल, चालू ठेवा. नोंदणी, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं एका वॉटरप्रूफ पिशवीत असू द्या. तटरक्षक दल किंवा सागरी पोलीस मागतातच. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बरोबर घेऊ नका, तो गुन्हा ठरतो. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या पहाटे हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. इशारा असेल तर निघायचं नाही, पाहुणे धक्क्यावर येऊन थांबले असले तरीही.

शेवटी एक कागद घरच्या जबाबदार माणसाकडे द्या: बोटीचं नाव आणि रंग, माणसं किती, टप्पे कुठले, रोज पोचायची वेळ काय. त्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही आणि लागतही नसेल, तर १५५४ वर तटरक्षक दलाला कळवायचं, हे त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.