४५एल क्रेडिटची तयारी ड्रायवॉल चढण्याआधी

अमेरिकेत दोन-चार प्लॉट घेऊन घरं बांधणाऱ्या आपल्या मंडळींचा मार्च-एप्रिलमधला, म्हणजे कर भरायच्या दिवसांतला, ठरलेला प्रश्न असतो: "घर एकदम एनर्जी एफिशियंट बांधलंय, त्याचं क्रेडिट मिळेल ना?" खरं तर तोवर उत्तर साइटवर ठरून गेलेलं असतं. अमेरिकी करकायद्याच्या कलम ४५एलचं क्रेडिट, म्हणजे ऊर्जा वाचवणारं नवं घर बांधणाऱ्याला मिळणारी करसवलत, सीपीएच्या (कर-हिशोबनीसाच्या) टेबलावर मिळवता येत नाही. ड्रायवॉल, म्हणजे भिंती झाकणारे जिप्सम बोर्ड, चढण्याआधी भिंती उघड्या असतानाच ते मिळवावं लागतं.

आधी तारीख बघा. २००५ च्या ऊर्जा कायद्यातून आलेलं हे क्रेडिट २०२२ च्या कायद्याने २०३२ पर्यंत वाढवलं होतं, पण जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने ते ३० जून २०२६ वर आणून ठेवलं. त्या तारखेनंतर ग्राहकाकडे गेलेल्या घराला क्रेडिट नाही. घर कधी पूर्ण झालं हे इथे मोजत नाहीत, ते राहण्यासाठी कोणी कधी घेतलं हे मोजतात. विकत घेतलेलं चालतं, भाड्याने घेतलेलंही चालतं. म्हणून क्लोजिंगचे (विक्री पूर्ण झाल्याचे) कागद किंवा भाडेकरार आणि ताब्याची तारीख फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

मग क्रेडिट कोणाचं ते नक्की करा. बांधकाम चालू असताना घर ज्याच्या मालकीचं आणि खर्च ज्याच्या वहीत, त्याचं. तुम्ही दुसऱ्या डेव्हलपरसाठी नुसतं बांधून देत असाल तर क्रेडिट त्याचं, तुमचं नाही. स्वतः राहायला बांधलेल्या घरालाही हे लागू नाही. एलएलसीमध्ये (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत) भागीदार असतील तर ते के-१ वरून, म्हणजे भागीदाराचा वाटा दाखवणाऱ्या कर-फॉर्मवरून, प्रत्येकाकडे जातं. म्हणून जमिनीचा दस्त, एलएलसीचा करार आणि खर्चाच्या नोंदी एकाच नावाशी जुळतात का, हे आत्ताच तपासा.

रक्कम प्रमाणपत्रावर ठरते. एकल घर, ड्युप्लेक्स किंवा टाउनहाउस एनर्जी स्टारच्या (ऊर्जाबचतीच्या सरकारी प्रमाणपत्र योजनेच्या) त्या गटातल्या कार्यक्रमात प्रमाणित झालं तर २,५०० डॉलर, आणि ऊर्जा खात्याच्या झिरो एनर्जी रेडी होम कार्यक्रमात बसलं तर ५,०००. २०२५ पासून घेतलेल्या घरांना एनर्जी स्टारची राष्ट्रीय आवृत्ती ३.२ लागते. कॅलिफोर्निया, फ्लोरिडासारख्या काही राज्यांच्या अटी वेगळ्या आहेत. "आम्ही चांगल्या खिडक्या लावल्या, सोलर लावलं" याला इथे किंमत नाही. प्रमाणपत्र आहे की नाही, एवढंच विचारतात.

ते प्रमाणपत्र स्वतंत्र रेटरमार्फत, म्हणजे घराची ऊर्जा-तपासणी करणाऱ्यामार्फत, मिळतं, म्हणून रेटरला नकाशे पक्के होण्याआधी बोलवा. बिल्डर म्हणून एनर्जी स्टारची भागीदारी नोंदवून टाका. एसीवाल्याकडून मॅन्युअल जेचा लोड हिशोब (घराला किती गरम-गार करावं लागेल याचं ठरलेल्या पद्धतीचं गणित) लेखी घ्या आणि तो याच घराचा आहे ना, हे स्वतः वाचून बघा: चौरस फूट, खिडक्यांचं क्षेत्रफळ, घराचं तोंड कुठे. जुन्या घराचा हिशोब नाव बदलून पाठवणारे महाभाग सगळीकडे असतात.

आता खरी मेख. बाहेरच्या भिंतीला लागून बाथटब असेल तर टब बसण्याआधी त्या भिंतीत इन्सुलेशन भरून त्यावर हवा अडवणारा सलग पत्रा किंवा बोर्ड लागलेला हवा. पण प्लंबर येतो फ्रेमिंग झाल्या झाल्या आणि इन्सुलेशनवाला येतो त्याच्या बऱ्याच नंतर. टब एकदा बसला की मागे हात जात नाही. मग टब काढा, नाहीतर प्रमाणपत्र विसरा. त्यामुळे ती एक भिंत आधी भरून घ्यायला इन्सुलेशनवाल्याला वेगळं बोलवावं लागतं, आणि वेळापत्रकात तशी ओळ लिहावी लागते. तसंच वायरींच्या मागे-पुढे बॅट (इन्सुलेशनची गादी) चिरून बसवली आहे की वायरीमागे नुसती कोंबली आहे, हेही ड्रायवॉलपूर्वीच दिसतं. रेटरची ती फेरी चुकवू नका आणि त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. शेवटी ब्लोअर डोअर (दारात पंखा लावून घराची हवागळती मोजणं) आणि डक्ट गळतीच्या चाचण्या होतात. त्या साधारणपणे निस्तरता येतात. टबामागची भिंत नाही.

अपार्टमेंट बांधत असाल तर हिशोब पालटतो: युनिटमागे ५०० किंवा १,००० डॉलर. पूर्ण २,५०० किंवा ५,००० हवे असतील तर मजुरांना त्या भागातला सरकारने ठरवलेला प्रचलित मजुरीदर द्यावा लागतो, आणि हे सबकॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनाही लागू आहे. म्हणजे त्यांचे पगारपत्रक तुमच्याकडे हवेत. सबशी करार करतानाच हे लिहून घ्या. नंतर मागितलं तर कोणी देत नाही, आणि त्यांचाही दोष नाही.

कराच्या बाजूला क्रेडिटचा फॉर्म ८९०८, तिथून आकडा फॉर्म ३८०० वर जातो. क्रेडिट थेट करातून वजा होतं, पण तेवढ्याने घराचा खर्चही कमी धरावा लागतो, म्हणजे नफा तितका वाढतो. २,५०० अगदी निव्वळ हातात पडत नाहीत. रेटरची फी आणि वाढीव कामाचा खर्च धरून एकाच घरासाठी हे परवडतं का, याचा हिशोब प्रामाणिकपणे मांडा. माझ्या मते एकुलत्या एका घराला २,५०० साठी धावपळ करण्यात फारसा अर्थ नसतो, पाच-सहा घरांना असतो. यंदा कर कमी असेल तर उरलेलं क्रेडिट एक वर्ष मागे आणि वीस वर्षं पुढे नेता येतं. घर भाड्याने देणाऱ्यांनी पॅसिव्ह उत्पन्नाची (स्वतः कामात न गुंतता येणाऱ्या, भाड्यासारख्या उत्पन्नाची) मर्यादा सीपीएला आधी विचारावी.

आणि कपाटात २०२३ नंतर विकलेल्या घरांची एनर्जी स्टार प्रमाणपत्रं नुसतीच पडून असतील तर ती काढा. क्रेडिट घ्यायचं राहिलं असेल तर रिटर्न दुरुस्त करायला साधारणपणे भरल्यापासून तीन वर्षं मिळतात. भागीदारी असेल तर दुरुस्तीची पद्धत वेगळी आहे, ती आधी विचारून घ्या.