तापमानवाढ माणसामुळेच का? या वादात हमखास होणाऱ्या चुका टाळा

डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि त्याच सकाळी आमच्या ग्रुपवर मेसेज येतो : 'कुठे गेलं ग्लोबल वॉर्मिंग?' मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तराची अपेक्षा माझ्याकडूनच असते. बरीच वर्षं मी ते उत्तर मे महिन्यात द्यायचे. मालेगावचा पारा ४३ वर गेला की लिहायचे, 'आता पटलं ना?' ती माझी चूक होती, आणि समोरच्याचीही तीच होती.

एका दिवसाच्या हवेवरून वाद घालणं

तापमानवाढ म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या, जमीन आणि समुद्र मिळून, अनेक वर्षांच्या सरासरीत झालेली वाढ. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० हे दशक सुमारे १.१ अंशाने जास्त उष्ण होतं. भारताची सरासरी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढली. पण एवढ्यावरून फक्त वाढ झाली हे कळतं, कोणामुळे झाली ते नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. कशाचा आहे ते रक्त तपासल्यावरच कळतं.

ओझोनचं भोक मध्ये आणणं

'ओझोनला भोक पडलं, त्यातून ऊन आत आलं, म्हणून पृथ्वी तापली' हे वाक्य मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचते आणि पालकांच्या तोंडूनही ऐकते. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला तो फ्रिजमध्ये आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्यांचा वापर आटला आणि थर आता सावरतो आहे. हे वायू उष्णताही अडवतात, म्हणून गोंधळ होतो. पण तापमानवाढीचं मुख्य कारण वेगळं आहे : जमिनीकडून अवकाशात परत निघालेली उष्णता कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन धरून ठेवतात. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात जास्त तापते, हे युनिस फूट यांनी १८५६ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं.

'निसर्गच आपल्यापेक्षा जास्त कार्बन सोडतो'

हे वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच समोरचा माणूस गप्प होतो. इथे फक्त खर्च बघू नका, जमाही बघा. झाडं, माती, समुद्र कार्बन सोडतात, पण सोडतात त्याहून जास्त परत घेतात. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत टाकतो. जमीन आणि समुद्र मिळून आपल्या उत्सर्जनातला जवळपास निम्मा भाग शोषून घेतात, उरलेला साचत जातो. कारखान्यांचं युग येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे.

'पण तो आपलाच कशावरून?' हा प्रश्न कोणी विचारला तर मला मनापासून आनंद होतो, कारण कार्बनवर त्याच्या उगमाचा ठसा असतो. चुलीतल्या लाकडात कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार सापडतो. दगडी कोळशात नाही. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो आणि कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून आहे, त्यामुळे त्यातला सगळा संपलेला असतो. हान्स सूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडातली वर्षवलयं तपासून दाखवलं, की अशा जुन्या कार्बनची हवेत भेसळ होते आहे.

इथे थांबू नका. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही कार्बन-१४ नसतो, त्यामुळे एवढ्याच पुराव्यावर बोललात तर अडकाल. पुढचा धागा कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचा. वनस्पती त्याहून हलका, नेहमीचा कार्बन-१२ जास्त घेतात. कोळसा आणि तेल प्राचीन सजीवांपासूनच बनलेले, म्हणून त्यांच्यातही कार्बन-१३ कमी. ज्वालामुखीच्या वायूत तो तसा कमी नसतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घटतं आहे. शिवाय जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि हवेतला ऑक्सिजनही किंचित, पण मोजता येईल इतका कमी होतो आहे. (श्वासाला धोका नाही, तेवढं मुलांना आधी सांगा.) आणि ज्वालामुखींचा वार्षिक वाटा आपल्या एक टक्क्याहूनही कमी भरतो.

सूर्याचंही असंच तपासता येतं. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. ती वाढत गेलेली नाही. सूर्यामुळे पृथ्वी तापली असती तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर नेमकं हेच होईल, असं स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने मांडलं होतं.

'हवामान पूर्वीही बदलत होतं' यावर दोनच वाक्यं पुरतात. हिमयुगं आली-गेली ती पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांमुळे, हजारो वर्षं घेऊन. गेल्या काही हजार वर्षांत त्या बदलांचा कल किंचित थंडीकडे होता.

आपल्या बाजूच्या लोकांची चूक

ही मला जास्त बोचते. अवकाळी झाली, पूर आला, दुष्काळ पडला की लगेच 'बघा तापमानवाढ' म्हणायचं. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळही पाहिला आहे. प्रत्येक घटनेची तपासणी वेगळी करावी लागते. शहरातल्या रात्री काँक्रीटमुळे आणि झाडं तोडल्यामुळेही तापतात. तेही माणसाचंच काम, पण खातं वेगळं. प्लास्टिकचा कचरा, नदीतला फेस, कारखान्याचा धूर हे सगळं एकाच पोस्टरवर 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणून चिकटवलं, की एक गोष्ट खोटी ठरताच सगळंच खोटं वाटू लागतं.

आता डिसेंबरातल्या त्या मेसेजला मी तापमानाने उत्तर देत नाही. वर्गाच्या भिंतीवर हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख लावला आहे, चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या मोजणीचा. उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की रेघ खाली येते, पुढे पुन्हा चढते, आणि जवळपास दर मे महिन्यात आदल्या मेपेक्षा वर पोहोचते. त्याचाच फोटो पाठवते. वर्गात मुलं आपल्या जन्मवर्षावर बोट ठेवतात : २०१०, आकडा ३९० च्या आसपास. मी माझ्यावर ठेवते : १९७८, आकडा ३३५. मग त्यांतलं कोणीतरी पट्टी आणतं आणि आमच्या दोन बोटांमधलं अंतर मोजतं.